अपिलाचा मुहूर्त

१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार

सत्यभामाआत्या आज केस हरली.

अकोल्याच्या घरात खालच्या दोन खोल्यांत ती लग्नापासून राहते. वरच्या मजल्यावर तिचे दीर, वामनराव. आतोबा गेल्यावर वर्ष होताच वामनरावांनी एक कागद काढला, दादाने या खोल्या मला लिहून दिल्या होत्या म्हणाले, आणि दावा लावला. कागदावर आतोबांची सही आहे. ती ज्या दिवशी केली, त्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताला सलाइन होतं. न्यायाधीशांना सही पटली, सलाइन पटलं नाही. दोन महिन्यांत खोल्या रिकाम्या करा, असा निकाल.

बाबांनी फोन ठेवला, पाय धुतले, संध्या केली आणि मग म्हणाले, "वरचं कोर्ट आहे ना. अपील करू. मी बसलोय."

मी नियम वाचून घेतला. जिल्हा न्यायालयात अपील, मुदत तीस दिवस. अपिलाबरोबर स्थगितीही मागावी लागते. नाहीतर अपील आत चालत राहतं आणि सामान बाहेर रस्त्यावर येतं.

वाचून बरं वाटलं. ज्या गोष्टीला मुदत असते ती गोष्ट मला समजते.

१७ ऑगस्ट, रविवार

बाबांबरोबर अकोल्याला जाऊन आले. आत्या खिडकीखाली शिलाई मशीनवर बसली होती. महालक्ष्म्यांच्या आधी ब्लाऊज शिवून घेणाऱ्यांची गर्दी असते. निकालाचं विचारलं तर म्हणाली, "हो, हरले. तू जरा उजेडातून सरक."

वरून चहा आला. चार वर्षं केस चालली आणि चार वर्षं, खाली पाहुणे आले की वरून चहा येतो. ट्रे घेऊन स्वतः वामनराव. "गुरुजी, कोर्ट कोर्टाच्या जागी, नातं नात्याच्या जागी." मग ते बाबांना वर घेऊन गेले. अमरावतीत राजापेठेला त्यांचं मंगल कार्यालय आहे आणि तिथली जवळजवळ सगळी लग्नं बाबाच लावतात, त्यामुळे दोघांना बोलायला विषय असतात. बाबा पाऊण तासाने उतरले तेव्हा तोंडात विडा होता आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या सगळ्या तारखा ठरल्या होत्या.

"काय म्हणत होते?" आत्याने विचारलं.

"काही नाही. घरातलं घरात मिटवू म्हणत होते."

"घर घेऊन?"

बाबा हसले. म्हणाले, "ताई, अपील तर करूच. पण समजा, काही उलटं झालंच, तर राजापेठेचं आपलं घर काय परकं आहे तुला? तारा गेल्यापासून स्वयंपाकघर रिकामंच पडलंय. तुझंच समज."

आई गेली तरी स्वयंपाकघर रिकामं नाही. सकाळी सहा ते आठ तिथे मी असते. पण मी दुरुस्ती केली नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज बाबा अपिलाचा दिवस काढायला बसले.

उद्या पोळा, म्हणजे अमावस्या, तो दिवस गेला. त्यानंतर एके दिवशी भद्रा, एके दिवशी आत्याच्या राशीला आठवा चंद्र, आणि ज्या दिवशी बाकी सगळं जुळतं त्या दिवशी राहुकाळ नेमका कोर्टाच्या वेळात. राहुकाळ रोजच असतो, हे मी लक्षात आणून दिलं.

"पण रोज वेगळ्या वेळी असतो," बाबा म्हणाले.

"मग दुपारनंतर जाऊ."

"बेटा, हा तुमचा एमआयडीसीतला वजनकाटा नाही. शून्यावर आणला आणि झालं, असं नसतं इथे."

मी एका प्रयोगशाळेत मोजमापाच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन करते. गेज, वजनं, काटे. बाबांच्या लेखी हे सगळं 'शून्यावर आणणं' आहे.

केस चालवणारे कुंदन वकील बाबांचेच यजमान. त्यांना फोन केला. "मॅडम, गुरुजींनी दिवस द्यावा, त्या दिवशी टाकून देऊ. माझ्या ऑफिसचा मुहूर्तही त्यांचाच. काहून घाई करून राहिल्या?"

संध्याकाळी बाबा ओसरीत कुणाशी तरी फोनवर बोलत होते. "छे छे, घटस्थापनेलाच करा. सकाळी साडेनऊ, उत्तम. त्याच्या आधी काही होत नाही हो, मी आहे ना." कुणाचा तरी गृहप्रवेश असणार. यजमान किती घायकुतीला येतात आणि बाबा त्यांना किती शांतपणे धीर देतात! बाबा धार्मिक आहेत, व्यवहारी नाहीत. आईची हीच तक्रार असायची.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. बाबा पहाटेपासून घरोघर. आज दुपारी सापडले, तेव्हा अपिलाचं काढलं.

अपिलाला निकालाची कोर्टाने दिलेली नक्कल जोडावी लागते. बाबा म्हणाले, कुंदनने सोमवारीच नकलेचा अर्ज केला आहे. ही महत्त्वाची माहिती होती. अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळतात. म्हणजे मुदत पुढे सरकते. मी बाबांना कागदावर रेघ काढून समजावलं. नक्कल साधारण किती दिवसांत मिळते ते धरून अपील नवरात्र लागेपर्यंत सहज टाकता येईल.

बाबांनी ती रेघ बराच वेळ पाहिली. एवढ्या लक्षपूर्वक त्यांनी माझं काही आजवर पाहिलं नव्हतं. संध्याकाळी आरतीला चार माणसं होती, त्यांच्यासमोर म्हणाले, "आमची देवश्री इंजिनिअर आहे. तिने काढून दिलंय, नवरात्रापर्यंत वेळ आहे. एक दिवस इकडचा तिकडे होणार नाही."

मला संकोच वाटला. वाईट वाटलं असं मात्र म्हणता येणार नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्या. आत्या शनिवारीच आली. आज सोळा भाज्या, आंबील, कथली, पुरणाच्या पोळ्या, सगळं तिने एकटीने उरकलं. आई गेल्यापासून इतकी वर्षं महालक्ष्म्यांना मी भाज्या मोजत होते आणि त्या दरवर्षी पंधराच भरायच्या.

या तीन दिवसांत मी सकाळी सातपर्यंत झोपले. इथे खरं लिहायचं तर, आत्या कायमची इथे आली तर काय होईल, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. तो वाईट विचार नव्हता. तिची मशीन कुठे ठेवायची एवढाच प्रश्न. ओसरीत बाबांचे यजमान बसतात, माझ्या खोलीत माझं टेबल आहे. जिन्याखाली राहील बहुतेक. तिथे उजेड नाही.

पंगतीत तिने बाबांना विचारलं, "हरी, नकलेचा अर्ज केला का रे?"

"केला ना ताई. आठ दिवस झाले."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि न विचारता आणखी एक पोळी वाढली. वर तूप. "खा," म्हणाली. "तू लहानपणी पण असाच होतास. खोटं बोललास की भूक लागायची."

सगळे हसले. बाबा सगळ्यात मोठ्याने. आत्याची विनोदबुद्धी या वयातही शाबूत आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

प्रयोगशाळेत चांदूर बाजारच्या एका आडत्याचा काटा आला होता. म्हणाला, "मॅडम, बिघडला आहे." मी पाच वेगवेगळी वजनं ठेवली. पाचही वेळा काटा कमीच दाखवत होता, तोही त्याच प्रमाणात. त्याला सांगितलं, बिघडलेला काटा कधी जास्त दाखवतो, कधी कमी. जो दर वेळी एकाच बाजूला चुकतो, तो बिघडलेला नसतो.

"मंग काय असते?"

"लावलेला असतो."

बाकी दिवस नेहमीसारखा.

बाबांना दिवस सापडलेला नाही. पाच दिवस सुचवले, पाचही नापास.

७ सप्टेंबर, रविवार

आज खग्रास चंद्रग्रहण. दुपारपासून वेध. स्वयंपाक लवकर आटपून प्रत्येक भांड्यात तुळशीपत्र.

"उद्यापासून पितृपक्ष," बाबा म्हणाले. "पंधरा दिवस नवीन काही नाही. अपील एकदम घटस्थापनेनंतर."

"बाबा, अपील नवीन नाही. जुन्या केसचं आहे."

"नवीन नंबर पडतो ना? मग नवीन."

हा मुद्दा कायद्याने बरोबर आहे. मग ते म्हणाले, "आणि वेळ आहे ना? तूच काढून दिलास."

मी सांगितलं, माझं गणित नकलेचा अर्ज झाला आहे यावर उभं आहे. "झालाय ना," ते म्हणाले आणि ग्रहणाच्या जपाला बसले. जपाला बसलेल्या माणसाला पुरावा मागता येत नाही. एवढं शिकूनही मला हे जमत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

आज सकाळी बाबांनी गाडीची पूजा केली. वामनरावांच्या कार्यालयासाठी नवी गाडी आली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. मी विचारलं, पितृपक्षात कसं काय? "वाहन गरजेचं असतं," बाबा म्हणाले. "गरजेला दोष नाही."

श्रद्धेत सातत्य नसतं हे माझं जुनं निरीक्षण आहे. त्यात आज एका उदाहरणाची भर.

दुपारी कुंदन वकिलांना फोन केला. नक्कल आली का? "नक्कल? गुरुजींकडे असंल." बाबांना विचारलं. "कुंदनकडे असेल." दोन उपकरणं एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर तिसरं आणावं लागतं. शुक्रवारची रजा टाकली. घरी सांगितलं, ऑडिट आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आजचं सविस्तर लिहिते.

सकाळच्या एस.टी.ने अकोला. कोर्टात नक्कल विभाग शोधला. तिथल्या लिपिकाने केसचा नंबर पाहून सांगितलं, "या केसमध्ये कुंदन वकिलांचा अर्ज नाही."

माझं गणित तिथेच कोसळलं. अर्जच नाही, तर वगळायचे दिवस नाहीत. मुदत उद्या संपत होती. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार, म्हणजे कोर्ट बंद. हातात फक्त सोमवार उरत होता.

"एक अर्ज आहे," लिपिक म्हणाला. "बाईंचा स्वतःचा. अठरा ऑगस्टचा. नक्कल कधीच घेऊन गेल्या त्या. तुम्ही कोण?"

"भाची."

"मग घरी विचारा ना मॅडम. इथे काहून आल्या?"

अठरा ऑगस्ट. म्हणजे आम्ही वरचा चहा पिऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. महालक्ष्म्यांना तिने बाबांना अर्जाचं विचारलं, तेव्हा नक्कल तिच्याकडे होती.

रिक्षाने आत्याकडे गेले. दाराशी पार्बताबाई बसल्या होत्या. त्यांचा फुलांचा मळा आहे, कोर्टाच्या फाटकाशी हार विकतात आणि दुपारी आत्याकडे टेकतात. मला पाहून आत ओरडल्या, "सत्याबाई, तुमची अमरावतीची इंजिनिअर आली वं! तोंड पाहा कसं झालं, जसं काही घरच जळालं!"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बाबांनी दिवस काढला नाही, वकिलांनी अर्ज केला नाही, सोमवार शेवटचा, मी आताच दुसरा वकील शोधते. आत्याने ब्लाऊजची शिवण शेवटपर्यंत नेली. मग म्हणाली, "बस. पाणी पी. झालं अपील."

"कधी?"

"सोमवारी. पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी. काय सांगू तुला, खिडकीवर चिटपाखरू नव्हतं. तो कारकूनच मला म्हणे, बाई, आज कोणी येत नाही, तुम्ही कशा आल्या? म्हटलं, मला गर्दी सोसत नाही."

वकील पार्बताबाईंची नात, श्रावणी. "कोर्टाच्या भायेर हार इकतो आमी," पार्बताबाई म्हणाल्या. "कोन्ता वकील जितून येते अन् कोन्ता नुसता चहा पिऊन येते, थे आमाले पुरतं मालूम हाय. पोरीले म्हटलं, सत्याबाईचं काम नीट कर, नाहीतर दारात उभी करनार नाही."

कालच स्थगिती मिळाली होती. पुढची तारीख चोवीस नोव्हेंबर. तोवर खोल्यांना कोणी हात लावायचा नाही. श्रावणीने सलाइनचा मुद्दा पहिल्याच पानावर घेतला आहे आणि दवाखान्याचे कागद जोडले आहेत. ते खालच्या कोर्टात कुंदन वकिलांनी दाखलच केले नव्हते.

"समोरून विरोध झाला नाही?" मी विचारलं.

"समोर कोणीच नव्हतं. त्यांनी आधी अर्ज टाकून ठेवायला पाहिजे होता म्हणे, की आमचं ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नका. कॅव्हेट म्हणतात त्याला. टाकलं नाही त्यांनी."

"का टाकलं नसेल?"

आत्याने दोरा दाताने तोडला. "चांगल्या दिवसाची वाट पाहून राहिले असतील."

मी बाबांच्या वतीने माफी मागितली. म्हटलं, त्यांच्या अंधश्रद्धेमुळे तुझं घर जायची वेळ आली होती. आत्या हसायला लागली. इतकी, की पार्बताबाईंनी तिला पाणी दिलं.

"अंधश्रद्धा?" ती म्हणाली. "हरीची श्रद्धा चांगली डोळस आहे बाई. माझा भाऊ वाईट नाही. त्याला फक्त दोन्ही घरचं जेवण पाहिजे."

निघताना मी विचारलं, बाबांना सांगू का? म्हणाली, "खुशाल सांग. माझं एक काम वाचेल. वर जाऊन सांगावं लागणार नाही." मग मागून हाक मारली. "आणि ऐक. तुम्हा बापलेकींच्या पोळ्या कोण लाटणार, हा मुद्दा श्रावणीने अपिलात घेतला नाही. म्हटलं, कोर्टाचा वेळ कशाला घ्या."

मशीन जिन्याखाली राहील, हे मी कोणालाही बोलून दाखवलं नव्हतं.

बाबांना सांगितलं तर तिला वर जावं लागणार नाही म्हणजे काय, हे मूर्तिजापूर येईपर्यंत कळलं नाही. तिथे गाडी थांबली तेव्हा चांदूर बाजारचा काटा आठवला. पुढचं लिहीत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. आईचं श्राद्ध. शुक्रवारचं मी घरी काहीच बोलले नाही.

गच्चीवर कावळ्याचा घास ठेवला. कावळा कठड्यावर येऊन बसला, शिवेना. "ताराची काही इच्छा राहिली असेल," बाबा म्हणाले. हात जोडून मोठ्याने म्हणाले, "ताईच्या घराची काळजी करू नकोस. मी बघतो आहे." कावळा उडाला आणि शेजारच्या गच्चीवरच्या घासावर जाऊन बसला.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. त्यांचे हात भाताने भरलेले, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला. वामनराव.

"गुरुजी, कोर्टाची नोटीस आली आमच्या घरी."

"कसली?"

"वा! मला विचारता? मला कॅव्हेटसाठी घटस्थापना दिली, सकाळी साडेनऊ! त्याच्या आधी काही होत नाही म्हणाले, मी आहे ना म्हणाले! आणि बहिणीला पितृपक्षाचा पहिला दिवस? जेव्हा आम्ही सगळे गाफील?"

"नाही हो, मी तिला कुठलाच दिवस दिला नाही..."

"मग कोणी दिला? त्यांच्या घरात पंचांग तुमच्याशिवाय पाहतं कोण? माझाच चहा पिऊन माझ्यावरच डाव! मानलं, गुरुजी. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांना आम्ही दुसरे गुरुजी पाहिले आहेत. नमस्कार."

बाबा भाताच्या हातांनी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना बहिणीसाठी एवढा मोठा डाव खेळल्याचं श्रेय दिलं होतं आणि ते नाकारण्याची सोय नव्हती. स्वीकारण्याचीही नव्हती.

मग म्हणाले, "मुहूर्तच वाईट होता."

"कोणता?" मी विचारलं.

ते हात धुवायला खाली गेले.

एक दुरुस्ती. २१ ऑगस्टला मी लिहिलं आहे की बाबा व्यवहारी नाहीत अशी आईची तक्रार होती. ही नोंद चुकीची आहे. नीट आठवलं तर आई म्हणायची, "हे दिसतात तेवढे भोळे नाहीत."

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सकाळी साडेनऊला बाबा ओसरीत रिकामे बसून होते. घरचे घट कधीच बसवून झाले होते. फोन वाजला नाही. आत्याचा एक मेसेज आला, तो त्यांनी मला वाचून दाखवला: "हरी, पुढची तारीख चोवीस नोव्हेंबर. तू येशील ना? दिवस कसा आहे बघून सांग."

त्यांनी पंचांग काढलं, पान शोधलं, बराच वेळ पाहिलं. "लग्नाची तिथी आहे," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "पण मी मोकळा आहे."

"मग कळवा तसं," मी म्हटलं. त्यांनी 'येतो' असं टाइप केलं. पाठवायला बराच वेळ लावला, पण पाठवलं.

नंतर स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "बेटा, घरात घट बसलेत. आज गरम पोळ्या कर ना."

मी हात पुसले, त्यांच्या हातातलं पंचांग घेतलं, आजचं पान उघडलं आणि बोट ठेवून सांगितलं, "आज लाटण्याला योग नाही. एकदम दसऱ्यानंतर."

बाबांनी चष्मा लावला आणि स्वतः खात्री करून घेतली.